चाळीस बंड्या आणि एक वेळापत्रक

भाद्रपद सरत आला की आमच्या गल्लीतल्या शिलाईयंत्रांना ताप चढतो. एरवी ती माणसांसारखीच असतात. दुपारी डुलकी घेतात, सणाला बंद राहतात, पावसाळी हवेत कुरकुरतात. पण दसरा जवळ आला की दिवसभर असा खडखडाट चालतो, की तिकडे बोगादीच्या माळावरच्या लोकांना वाटतं सरच आली, आणि ते वाळवणं उचलायला धावतात. इथे रखमा, म्हणजे माझी बायको, मला अडवते. "बोगादी कुठं, आपण कुठं! एवढ्या लांब ऐकू जाईल का?" वारा तिकडचा असला तर जाईल, असं मी म्हणतो. त्यावर ती नुसतं "सरी" म्हणते. बरं, ठीक आहे, असा या कानडी शब्दाचा अर्थ. म्हैसुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी शिंप्यांच्या घरांत निम्मी भांडणं या एका शब्दावर मिटतात.

परवा सरस्वतीपुरमचे एक मास्तर कोटाचं माप द्यायला आले. छाती छत्तीस, उंची बेताची, उत्साह मात्र मापायच्या पट्टीत न मावणारा. शाळेतल्या मुलांसाठी ते चांगल्या सवयींवर भाषण लिहीत होते. "इतकी वर्षं दरबारचं काम तुमच्या घराकडे आहे," ते म्हणाले, "तेव्हा सवयी पक्क्या असणार. पहाटे कितीला उठता?" मी म्हटलं, "तीनला." आतून खोकला ऐकू आला. "म्हणजे कधीकधी पाचला," मी म्हटलं. पुन्हा खोकला. मास्तरांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे. ते गेल्यावर मी बराच वेळ पट्टी गळ्यात घालून तसाच उभा होतो. समोर फळीवर नवी मखमल येऊन पडली होती, जांभळाच्या रंगाची, आणि मी वाकून तिचा वास घेतला. नव्या मखमलीला एक वास असतो, थोडा खळीचा, थोडा बंद पेटीचा. लोकांना तो सणाचा वाटतो. मला तो त्या एका आश्विनाचा वाटतो, ज्या आश्विनात मी सुधारायचं ठरवलं होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि घरजावई होतो. घरजावई म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला ठाऊक नाही त्याचं दैव चांगलं. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणत असे आणि रखमा अप्पा, हे गल्लीतले सगळ्यांत जुने कापणारे. आमच्या धंद्यात शिवणारे दहा असतात, कापणारा एक. ज्याच्या हातात कात्री तो घराचा धनी, मग वयाने तो कितीही लहान असो. मामांची कात्री पितळी मुठींची होती आणि इतकी जड, की नवख्याने उचलली तर दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा कानाला लागलेला दिसायचा. पण त्या वर्षी मामांचा हात थरथरायला लागला होता. चहाचा पेला उचलताना बशी वाजायची. घरात सगळ्यांना ती ऐकू यायची आणि कोणीच तिकडे बघायचं नाही.

एके दिवशी जेवता जेवता ते म्हणाले, "जावईबापू, या दसऱ्याला मी कात्री सोडणार."

आमच्या घरात कात्री एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती फक्त विजयादशमीला, पूजेतून उचलताना. वर्षभर कुणाला ती हवी असली तर आधी पाटावर ठेवायची, दुसऱ्याने पाटावरून उचलायची. हातात दिली म्हणजे घर दिलं.

"घरात तुम्हीच आहात," मामा पुढे म्हणाले, "पण तुम्हीच आहात एवढ्यावर मी देणार नाही. काम बघेन. मनासारखं नसलं तर कात्री पेटीत घालीन आणि दरबारचं काम हात जोडून परत करीन. आपल्या नावावर दुसऱ्याचं वाईट काम जायला नको."

काम म्हणजे चाळीस बंड्या. दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीच्या दोन्ही बाजूंनी जे भालेवाले चालतात, वीस डावीकडे, वीस उजवीकडे, त्यांच्या मखमली बंड्या. बिनबाह्यांच्या, सगळ्या एकाच मापाच्या, छातीवर नाडीने बांधायच्या. रखमा म्हणते मी हा आकडा दरवर्षी वाढवतो. यंदा नाही वाढवला. चाळीसच होत्या. त्या चाळिसांनीच मला पुरतं लोळवलं, जास्तीची गरजच पडली नाही.

आता सुधारणेचं. त्याच सुमाराला मद्रासकडचे एक वकील शहरात व्याख्यानाला आले होते. विषय होता वेळेचा सदुपयोग. त्यांनी खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, सज्जनहो, हे तुमचं आयुष्य गळतंय. मी पहिल्या रांगेत होतो. मला खरोखरच गळताना दिसलं. घरी येताना मी गजराचं घड्याळ आणलं, आणि पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून कामाच्या खोलीत लावलं. पहाटे चार, उठणे. सव्वाचार, थंड पाण्याने स्नान. पाच, व्यायाम. साडेपाच, चिंतन. सहा ते बारा, काम, बोलणे वर्ज्य. असं करत करत शेवटी आत्मपरीक्षण. पहिल्या पहाटे तो गजर झाला तेव्हा चामुंडीच्या डोंगरावरचा दगडी नंदी दचकून उठला, असं मी सगळ्यांना सांगतो. नंदीचं नक्की माहीत नाही, पण शेजारी उठले, आणि त्यांनी जी भाषा वापरली ती चिंतनाच्या वेळात बसणारी नव्हती.

गंमत अशी, की त्या पंधरा दिवसांत मी खरोखर बदललो. अंग हलकं झालं, हात झरझर चालू लागला, आणि दुसऱ्यांचा आळस दिसू लागला. हा तिसरा बदल सगळ्यांत सोपा. मामांकडे बघून माझा जीव तुटायचा. ते रोज उजाडताच कामाच्या खोलीत येत, विठ्ठलाच्या तसबिरीला हात जोडत, आणि मग फळीवरचं एकेक कापड काढून त्यावर नुसता तळहात फिरवत बसत. वरून खाली. खालून वर. पुन्हा वरून खाली. समोर रखमा बसलेली असे, तीही तसाच हात फिरवी, आणि घडी करून ठेवी. खडू नाही, कात्री नाही, बोलणं नाही. दोन माणसं, अर्धा तास. मी मनातल्या मनात हिशेब केला होता की या दोघांनी आजवर कापड कुरवाळण्यात जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात एक नवा राजवाडा उभा राहिला असता.

माझ्या वेळापत्रकात त्याला रकानाच नव्हता.

मग सरगूरहून निरोप आला, मामांची बहीण आजारी आहे. दरबारचे शिरस्तेदार बंड्यांच्या तपासणीला यायला नऊ दिवस होते. मामांनी दारात बैलगाडी उभी असताना कात्री पाटावर ठेवली. "मी पाच दिवसांत येतो. मखमल आली आहे. घाई करू नका. रोज आठ कापा, पुरे." गाडी हलली, तसं मी पाटावरून कात्री उचलली. रोज आठ! मला हसू आलं. मामा मखमल एकेरी पसरत, हात फिरवत, नमुन्याचा कागद ठेवत, खडूने आखत, आणि एका वेळी एकच तुकडा कापत. एका बंडीचे चार तुकडे, दोन पुढचे, दोन पाठीचे. म्हणजे चाळीस बंड्यांना एकशेसाठ वेळा तेच. मी मखमल टोकाकडून टोकाकडे दुमडली. दोन थर, एक कात्री, एका कापात दोन तुकडे. शिवाय कापड वाया जाऊ नये म्हणून नमुने उलटसुलट मांडले, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे, आंबे पेटीत भरतात तसे. तीन दिवसांत चाळीस बंड्या कापून झाल्या. त्या तीन दिवसांत मी इतका वेळ वाचवला की तो ठेवायला घरात जागा उरली नाही. मी खांद्यावर उपरणं टाकून गल्लीतून दोनदा फिरून आलो, केवळ तो वाचलेला वेळ लोकांना दिसावा म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी सात बंड्या शिवून झाल्या होत्या. आमची कामाची खोली अंधारी, एकच खिडकी, तीही उत्तरेची. बाहेर आठवडाभराचं ढगाळ होतं, मधेच थोडं ऊन पडलं. रखमाने पहिली बंडी अंगणातल्या दोरीवर टाकली आणि ती दोन पावलं मागे सरकली.

"अहो," ती म्हणाली, "ही बंडी एका अंगानं भिजली का?"

मी बाहेर आलो. बंडीची डावी बाजू जांभळासारखी गडद. उजवी बाजू फिकट, चमकणारी, जणू दुसऱ्याच कापडाची. मी हात लावला. कोरडी होती. मी दुसरी बंडी आणून टाकली. तशीच. तिसरी. तशीच. सातही दोरीवर लटकत होत्या आणि प्रत्येकीच्या मधोमध बरोबर एक रेघ, इकडे सांज, तिकडे दुपार.

पहिल्यांदा मी उन्हाला दोष दिला. मग मखमलीला. मग ती जिथे विणली गेली त्या समुद्रापलीकडच्या गिरणीला. चौथ्या क्रमांकावर माझं नाव होतं आणि तिथवर पोचायला मला अर्धा तास लागला. तोवर रखमाने माझा हात धरून बंडीवर ठेवला होता. "वरून खाली फिरवा. आता या बाजूला." डाव्या बाजूला हात अडखळला, मांजर उलटं कुरवाळावं तसा. उजव्या बाजूला सुळकन घसरला. मखमलीला लव असते, आणि लवेला दिशा असते. खाली वळलेली लव उजेड फेकते, वर वळलेली उजेड पिते. शिंप्याच्या घरातल्या रांगत्या पोराला हे कळतं. मलाही माहीत होतं. पण कापड टोकाकडून टोकाकडे दुमडलं की खालच्या थराची लव एकीकडे आणि वरच्या थराची बरोबर उलट, हे माझ्या बुद्धीला माहीत होतं, हाताला नव्हतं. आणि पहाटे चारला उठलेल्या बुद्धीला कात्री चालवताना काही आठवेना.

दुसरी मखमल नव्हती. मागवली तरी दसऱ्यापूर्वी येणार नव्हती. मामा परवा परतणार होते. शिरस्तेदार पाच दिवसांनी. मी ओट्यावर बसलो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, मामा थरथरत्या हातांनी कात्री पेटीत ठेवताहेत आणि पेटीची कडी लागत नाहीये.

रखमा मात्र आत जाऊन न शिवलेले तुकडे चाचपत होती. दहा-बारा तुकड्यांनंतर ती थांबली. "यात डावे सगळे वरचे नाहीत हो. काही डावे खालचेपण आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नमुने उलटसुलट मांडलेत का तुम्ही?"

मांडले होते. काटकसरीने, शहाणपणाने. त्यामुळे निम्म्या बंड्यांत डावा तुकडा वरच्या लवेचा आणि उजवा खालच्या, तर निम्म्यांत नेमकं उलट. जोड्या मोडून पुन्हा जुळवल्या, तर वीस बंड्या सगळ्या वरच्या लवेच्या होतील आणि वीस सगळ्या खालच्या. वीस गडद, वीस फिकट, पण प्रत्येक बंडी आपापल्या जागी एकरंगी.

"एकदाच चुकला असतात तर मेलो होतो," रखमा म्हणाली. "दोनदा चुकलात म्हणून धुगधुगी आहे."

आणि तेव्हाच ऊन गेलं. गेलं ते गेलंच. आभाळ असं दाटलं की अंगणातही सगळे तुकडे एकाच रंगाचे, राखी-जांभळे दिसू लागले. डोळ्यांनी निवडायचं काम संपलं. एकशेसाठ तुकडे, आणि त्यांतले अठ्ठावीस शिवलेले, ते आधी उसवायचे, मखमलीवर सुईची भोकं दिसणार नाहीत असे. रखमा चटईवर बसली, हात धुतले, पुसले, आणि डोळे मिटले. मी तुकडा हातात द्यायचा, ती तळहात एकदाच फिरवायची आणि म्हणायची, "वर." किंवा "खाली." मी त्या त्या ढिगात ठेवायचा. थोड्या वेळाने मलाही हुरूप आला. मी वीसेक तुकडे स्वतः निवडले. तिने ते पुन्हा बघितले. त्यांतले नऊ चुकले होते.

"सुम्नं भराभर फिरवू नका," ती म्हणाली. उगीच, असं तिला म्हणायचं होतं. "कापड काय सांगतंय ते ऐकायचं असतं. तुम्ही त्याला विचारता आणि उत्तराआधीच पुढं जाता."

"तुला कसं कळतं?"

"काय माहीत. पाच वर्षांची असल्यापासून अप्पांसमोर बसतेय."

तिला खरंच सांगता आलं नाही. हात चालू असताना ती लोणच्याबद्दल बोलत होती. यंदा लिंबं सालीला जाड निघाली, शेजारणीने मीठ कमी घातलं, असं काही. मन कुठे, हात कुठे, आणि हात एकदाही चुकला नाही. मी तिच्यासमोर बसून तो हात बघत राहिलो. माझ्या पंधरा दिवसांच्या सवयी भिंतीवर खिळ्याने लटकत होत्या. त्यांना चालवायला मला रोज रेटा द्यावा लागायचा, शिवाय कुणीतरी बघणारं लागायचं. तिची सवय तिच्या कातडीत होती. तिचं ती कधी कौतुक करत नव्हती, कारण तिला ती सवय आहे हेच माहीत नव्हतं. आजही कोणी मला सवयींबद्दल विचारलं की मला ते दोन शब्द ऐकू येतात. वर. खाली. वर. वर. खाली. मध्येच माझी नजर वेळापत्रकावर गेली. त्या वेळेसमोर लिहिलं होतं, आत्मपरीक्षण. निदान एक रकाना तरी वेळेवर पार पडत होता.

दोन दिवस आम्ही उसवलं, जोडलं, कच्चे टाके घातले. मखमलीला इस्त्री चालत नाही, लव मरते. सुईची भोकं बुजवायला रखमा उकळत्या हंड्यावर कापड पालथं धरायची आणि वाफेने लव उठवायची. तिची बोटं लाल झाली. मी या काळात दुसरंही एक काम करत होतो. मामांना काय सांगायचं ते रचत होतो. चार गोष्टी तयार होत्या. एकीत उंदीर होता, एकीत गिरणीची लबाडी, एकीत मला आलेला ताप. चौथी इतकी सुंदर होती की माझाच तिच्यावर विश्वास बसला होता. रखमाने चारही शांतपणे ऐकल्या.

"अप्पांचा नियम ठाऊक आहे ना? चूक एका तासात सांगायची. तासाच्या वर गेली की ती चूक राहत नाही, गोष्ट होते."

"मग ते आल्यावर तासाभरात सांगेन."

"अप्पांनी पाय धुतल्यापासून तास मोजते," ती म्हणाली.

मामा दुपारी आले. बहिणीला उतार होता. त्यांनी पाय धुतले, पाणी प्याले, सुपारी कातरली. मी सरगूरची पिकं विचारली, पाऊस विचारला, बैलांची प्रकृती विचारली, आत्याबाईंच्या शेळीचीसुद्धा. रखमा दारातून आत-बाहेर करत होती आणि दर खेपेला माझ्याकडे बघत होती. गजराचं घड्याळ माझ्या डोक्यावर टिकटिकत होतं. माझंच घड्याळ, मीच आणलेलं. पंचावन्न मिनिटं झाल्यावर मी म्हटलं, "मामा, त्याचं असं झालं, की..." आणि पुढचा उंदीर घशात अडकला. "मी चुकलो. मखमल आडवी दुमडून कापली."

चार शब्दांत संपेल अशी गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा सांगत होतो. मामांच्या हातातला अडकित्ता थांबला. ते उठले, आत गेले, दोन्ही ढिगांवर तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. बराच वेळ.

"कुणी जुळवल्या?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

आत स्वयंपाकघरात एक भांडं जरा जास्तच जोरात खाली ठेवलं गेलं.

"रखमानं," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली आणि तेवढ्यावरच विषय थांबवला. रागावले असते तर मी सुटलो असतो. कात्री पाटावर होती आणि तिला कोणी हात लावत नव्हतं. मी तिच्या बाजूने जाताना अंग चोरून जात असे, झोपलेल्या नागाच्या बाजूने जावं तसा.

तपासणीच्या सकाळी, अर्थातच, लख्ख ऊन पडलं. शिरस्तेदार आले. उंच, किडकिडीत, काखेत छत्री. बंड्या अंगणात दोन दोऱ्यांवर होत्या, वीस इकडे, वीस तिकडे. ते दाराच्या उंबऱ्यातच थबकले.

"एनु इदु?" हे काय, त्यांनी कानडीत विचारलं. "दोन रंग?"

आणि माझी जीभ, जिला मी तीन दिवस बांधून ठेवलं होतं, सुटली. "स्वामी, ही खास योजना आहे. एक रांग सूर्याची, एक चंद्राची. मधून हत्ती म्हणजे साक्षात मेरुपर्वत. मिरवणूक पूर्वेला वळली की..." शिरस्तेदारांचा चेहरा उजळू लागला. ते मान डोलावू लागले. आणखी दोन वाक्यं मिळाली असती तर मी राहू-केतूही आणले असते.

"नाही स्वामी," मामा म्हणाले. "कापताना चूक झाली. माझ्या घरात झाली."

अंगणात आवाज बंद झाला. शेजारची यंत्रंसुद्धा थांबली. हे मी वाढवून सांगत नाही, रखमाला विचारा. शिरस्तेदारांनी माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे.

"तुमचा जावई सूर्य-चंद्र सांगतो."

"जावई बोलतो चांगलं," मामा म्हणाले.

शिरस्तेदार छत्री टेकत दोन दोऱ्यांच्या मधून चालत गेले. एकेक बंडी उलटून पाहिली, आतलं अस्तर, नाडी, टाके. शेवटच्या टोकाला जाऊन परत आले. "मिरवणुकीत हे दिसेल?"

"रांगा वेगळ्या राहिल्या तर वाटेल की एका बाजूला ऊन आहे. एक जरी माणूस इकडचा तिकडे गेला, तर लहान मुलालाही दिसेल."

"आणि तो जाणार नाही, हे कोण बघणार?"

दारामागून रखमा बोलली, "अस्तराला आतून खूण करते. डाव्या रांगेच्या बंडीला पिवळा धागा. बांधतानाच कळेल."

शिरस्तेदारांनी दाराकडे पाहिलं. मग हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. "यंदा चालवतो," ते मामांना म्हणाले, "कारण चाळीस माणसं बिनबंडीची नेता येत नाहीत, आणि कारण तुम्ही सांगितलंत. पुढच्या वर्षी कापायच्या वेळी मी स्वतः येऊन बसेन." ते बोलले तसं त्यांनी केलं. पुढची कितीतरी वर्षं, मखमल पसरली की अंगणात छत्री हजर असायची.

मिरवणुकीबद्दल लोक विचारतात. मी रस्त्याच्या कडेला होतो, पहिल्या भाल्यापासून शेवटच्या भाल्यापर्यंत श्वास धरून. त्या दिवशी मी जितका वेळ श्वास धरला तितका वेळ कावेरीतल्या मगरीही धरत नसतील. वीस गडद, वीस फिकट, एकही पिवळा धागा चुकला नाही. माझ्या बाजूला एक म्हातारा आपल्या सोबत्याला म्हणाला, "बघ, काय शोभा! एका रांगेवर ऊन, एका रांगेवर सावली. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?" असा प्रश्न माझ्यासमोर येणं म्हणजे उपाशी वाघासमोर शेळी येणं. मी तोंड उघडलं. आणि मिटलं. आयुष्यात ही एवढी एकच वेळ. पुढे मी अनेक सवयी लावून घेतल्या आणि अनेक सोडल्या, थंड पाणी पहिल्याच कार्तिकात सोडलं. पण लोक मला मोठेपणा देऊ लागले की तेवढंच गप्प राहण्याची सवय लावायचा मी अजून प्रयत्न करतो आहे. अवघड आहे. पहाटे चारला उठणं त्यापुढे काहीच नाही.

मिरवणूक मी आधी सांगून टाकली, कारण त्याच दिवशीची सकाळ सांगणं टाळत होतो. तीही सांगतो.

नवमीला हत्यारांची पूजा झाली होती. यंत्रांना झेंडूच्या माळा, सुयांच्या डबीला कुंकू, आणि मधोमध पाटावर कात्री. दशमीला उजाडताच सगळे जमलो. मी दोनदा अंघोळ केली होती. नवं धोतर, नवं उपरणं. मामा काही न बोलता पाटाशी बसले, नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी कात्री उचलली. मी उभा होतो. माझा उजवा हात माझ्या परवानगीशिवाय पुढे झाला होता. इतका मूर्ख हात मी पूर्वी कधी बघितला नव्हता.

मामा माझ्या हातापाशी आले. क्षणभर थांबले. मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही खरं सांगितलंत, ते मी विसरणार नाही." आणि पुढे गेले.

रखमा दारात उभी होती, दोन्ही हातांत आरतीचं ताट.

"ताट खाली ठेव, रखमा."

तिने ताट आणखी घट्ट धरलं. "अप्पा, बेडा," ती म्हणाली. नको. "लोक काय म्हणतील?"

"लोक बंड्या घालतात. कापत नाहीत."

तिने मामांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. ती ताट खाली ठेवेना. ठेवण्याआधी तिला माझ्या डोळ्यांत काहीतरी दिसायला हवं होतं, आणि तिथे काय होतं ते मलाच कळत नव्हतं. अपमान होता, हे लपवत नाही. गल्ली हसेल, हे होतं. घरजावई, त्यातही बायकोच्या कात्रीखाली शिवणारा, हे होतं. मामांचे हात थरथरू लागले होते. कात्री जड, तिची पाती एकमेकांवर बारीक वाजत होती. ती आणखी फार वेळ त्यांच्याने धरवणार नव्हती, आणि त्या घरात दशमीला पूजेतून उचललेली कात्री परत पाटावर ठेवायची रीत नव्हती.

मी पुढे झालो आणि रखमाच्या हातांतलं ताट घेतलं.